काकीच्या जागेवर मिठाचं पोतं

अन्याय माझ्या मोठ्या काकीवर झाला. मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, अंबरनाथजवळच्या मोरिवलीत, तिच्याच घराच्या ओट्यासमोर. करणारे तिघे होते: काका, त्यांचा मुलगा आणि मी. चौथा आरोपी म्हणजे एक पोतं खडे मीठ. पण ते आपण होऊन जीपमध्ये चढलं नव्हतं, म्हणून त्याला सोडून देऊ.

झालं असं. जीप सुरू होती. चालवायला माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादूस म्हणतो. त्याच्या शेजारी काका. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांपैकी एकावर मी. दुसऱ्यावर काकी बसणार होती. ती पाहुण्यांकडे जायची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन ओट्यावरून उतरली. तेवढ्यात काकांनी मिठाचं पोतं खांद्यावरून आणलं, तिच्या बाकावर आडवं टाकलं आणि म्हणाले, "तू ऱ्हा घरी. येताना मशीन ठेवाचं हाय. जागा नाय."

आमच्याच जीपमधून चौदा माणसं हळदीला गेलेली मी पाहिली आहेत. त्यातला एक बँडवाला होता आणि त्याच्यासोबत त्याचा ढोल होता. त्या दिवशी चौघांना जागा नव्हती.

काकी पिशवी घेऊन पुन्हा ओट्यावर चढली. मी तेव्हा विसाव्या वर्षात होते, उल्हासनगरच्या कॉलेजात शिकत होते, आणि ग्राहकांच्या हक्कांवर पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटात सगळ्यात जास्त आवाज माझा होता. पत्रकं शहाडच्या एका छापखान्यात छापायची आणि स्टेशनबाहेर वाटायची, हे माझं काम. जगात कुठेही कुणाचं काही लुबाडलं गेलं की मला आधी कळे असा माझा समज होता. इथे दोन हातांवर एका बाईची जागा मिठाने घेतली आणि मी काय केलं? पाय आखडून पोत्याला नीट बसायला जागा करून दिली.

आता मशीन कसलं आणि कशासाठी, ते सांगते.

माझे वडील कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा गाव सोडून बदलापूरला ब्लॉकमध्ये राहायला गेले, म्हणून मी बदलापूरची; सुट्टीत तेवढी काकांकडे राहायला यायचे. काका मात्र मोरिवलीतच राहिले. गावाच्या वरच्या अंगाला आमचा एक माळ आहे. भात तिथे होत नाही, पण गवत उत्तम व्हायचं. दिवाळीनंतर कापायचं, भारे बांधायचे, तबेलेवाले येऊन घेऊन जायचे. मग कारखान्यांना पाणी नेणारी लाइन टाकायला एक ठेकेदार आला. त्याने चर खणला आणि निघालेला सगळा मुरूम आमच्या माळावर पसरून तो निघून गेला. गवत खाली गाडलं गेलं. पुढच्या पावसाळ्यात तिथे टाकळासुद्धा धड उगवला नाही.

त्या ठेकेदारावर मी पत्रक काढलं. जळजळीत होतं. त्याने ते वाचलं असेल असं मला आजही वाटत नाही.

काकीने पत्रक काढलं नाही. तिने हिवाळ्यात गवताचं बी वेचायला सुरुवात केली. बांधावरून, देवळामागच्या उतारावरून, नाल्याच्या काठाने, जिथे जुनं गवत अजून उभं होतं तिथून, पिकलेले तुरे हाताने ओरबाडून पोत्यात भरले. दोन हिवाळे. चार पोती झाली. हे बी कुठल्याही दुकानात मिळत नाही. गेलं की गेलं, पुन्हा दोन वर्षं वेचा.

आमच्या घरात पेरणी नेहमी काकीच करायची. भाताचं बी असो की वालाचं, तिच्या हातचं सारखं पडायचं. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. पण त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. तेव्हा तीच काकांना म्हणाली, "हात उचलत नाय आता. गारीच्या मागं बांधून बी फेकाचं काय तरी मशीन भेटतं बोलतात. ते आना. पन मना संगती घेवन जावा."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. काकांनी ठेवलं नाही.

आता मीठ कशाला? काकांचं तरुणपण मिठागरात गेलं. पुढे मिठागर सुटलं, पण परीक्षा घ्यायची पद्धत सुटली नाही. नवा दोर आणला की आधी मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवायचा. नवी टोपली मीठ भरून उचलून बघायची. माझ्या चुलतबहिणीला बघायला मुलगा आला तेव्हा पोह्यांच्या आधी त्याला कोपऱ्यातलं पोतं जरा अलीकडे घ्यायला सांगितलं होतं. त्याने घेतलं, म्हणून लग्न झालं. त्यामुळे बी फेकायचं मशीन मिठानेच तपासायचं, यात घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दाणा दिसतो, पांढरा पडतो, कुठे किती पडला ते लांबून कळतं. मलासुद्धा ते फार शास्त्रीय वाटलं.

दुकान उल्हासनगरात होतं. पंप, मोटरी, कुठून कुठून आलेली जुनी-नवी यंत्रं. शेठ पन्नाशीचे, सिंधी, चष्मा दोरीने गळ्यात. येणाऱ्या प्रत्येकाला ते साईं म्हणायचे, हिंदी सुरू करायचे आणि वाक्य संपेपर्यंत मराठीत यायचे.

"आओ साईं. काय फेकायचं आहे?"

"बी," काका म्हणाले.

"कौन सा बी? भात, मेथी, गवत? हर एक की चाल अलग असते."

"तुमी मशीन दाखवा. बियाचं आमी बगू."

शेठनी तीन मशीनं दाखवली. तिन्हींची रचना एकच. वर बी भरायचा डबा, त्याच्या तळाला भोक आणि भोकाला झडप, खाली गोल चकती. जीपच्या बॅटरीवर छोटी मोटर चालते, चकती गरगर फिरते आणि वरून पडलेलं बी चहूकडे उडवते.

पहिलं प्लॅस्टिकचं होतं, परदेशी अक्षरांचं. काकांनी त्याला बोटाने टिचकी मारली. "ही बादली हाय."

दुसरं लाल. चकचकीत पत्रा, वर ताजा रंग. दादूस त्याच्याभोवती दोनदा फिरला. आमची जीपसुद्धा लाल होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर असलेला माणूस, दिवसभर लोखंडात हात घालणारा, त्याने मशीनचा रंग जीपशी जुळतो का ते आधी बघितलं.

तिसरं बुटकं, राखाडी, रंग नसलेलं. जाड स्टीलचा डबा, तोंड पातेल्यासारखं रुंद, आणि आत तळाशी फिरणारी एक वाकडी सळई.

"ही सळई कशाला?" दादूसने विचारलं.

"बी हलवत ठेवते, साईं."

"उगाच. अडकेल एखाद दिवशी."

काकांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि मिठाची पाटी भरली. शेठ काउंटरमागून अक्षरशः धावत आले. "नमक नहीं! साईं, मीठ नका टाकू. लोखंड खातं ते. घरून बी आणा, मी संध्याकाळपर्यंत थांबतो, उद्या या, परवा या, पण मीठ नको."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या तिघांच्या डोक्यात एकच आलं: हा माणूस काहीतरी लपवतोय.

मग मी पुढे झाले. पिशवीतून पत्रक काढलं आणि शेठना वाचून दाखवलं. ग्राहकाला माल तपासून घ्यायचा हक्क आहे. दुकानदार त्याला रोखू शकत नाही. अकरा कलमं होती, अकराही वाचली. शेठनी चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकलं. मधे एक गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानेच थांबवलं.

"बेटी, बहुत अच्छा लिखा है," ते म्हणाले. "पण यात असं कुठे आहे का, की ज्याला जे फेकायचं त्याने ते बरोबर आणावं?"

नव्हतं. मी पत्रकाची घडी घातली आणि विषय बदलला.

मीठ घातलंच. मशीनं एकेक करून जीपच्या मागे लावली आणि दुकानासमोरच्या रस्त्यावर परीक्षा झाली. प्लॅस्टिकच्याने सगळं मीठ डावीकडे थुंकलं. राखाडीने थोडं थोडं, रेंगाळत सोडलं. लाल मशीनने मात्र असं फेकलं की बघत राहावं. रस्त्यावर पांढरी, सारखी, रेखीव अर्धी चकती उमटली. समोरचे कापडवाले बाहेर आले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काका कमरेवर हात ठेवून त्या पांढऱ्या आखणीकडे बघत उभे होते, जणू हे त्यांनी स्वतःच्या हाताने काढलंय. मग बाजारातली एक गाय आली आणि आमची परीक्षा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून गेली.

लाल मशीन घेतलं.

घरी काकीने ओट्यावरून उतरून ते बघितलं. डब्याच्या तळाशी दोन बोटं घालून भोक चाचपलं.

"यातनं गवताचं बी उतरंल?"

"मीठ उतरतंय सपासप," काका म्हणाले.

"मना मीठ पेराचं नाय."

यावर काका हसले. दादूस हसला. मीही हसले, आणि ते मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी कुणालाही सांगताना ते गाळत आले.

"बरं, धुवा तरी," काकी म्हणाली. दादूसने सांगितलं की पाण्याने मोटर जाईल. त्याने एक फडकं घेऊन मशीन बाहेरून पुसलं, लाल रंग आरशासारखा केला आणि पडवीत झाकून ठेवलं. आत गिअरच्या दात्यांत, चकतीच्या खाली, जिथे फडकं पोचत नाही तिथे, मीठ राहिलं. हवेत दमटपणा होता. मिठाला आणखी काय हवं?

पेरणी रविवारी, कारण दादूसने मंगळवारी एक रजा घालवली होती आणि सुट्टी रविवारीच. सकाळी आम्ही माळावर गेलो. चारही पोती जीपमध्ये. त्या दिवशी काकीही आली, हातात कापडी पिशवी घेऊन, चालत.

मशीनवरचं फडकं काढलं तर चकतीच्या कडेने तपकिरी ओघळ आलेले. दादूसने बटण दाबलं. मोटर कण्हली. चकती हलेना. त्याने हातोडी आणली, खालून दोन घाव घातले, करकर आवाज करत चकती फिरली. "बघ, चालू झालं," तो माझ्याकडे बघून म्हणाला, जसं काही हे असंच करायचं असतं.

पहिलं पोतं अर्धं डब्यात ओतलं.

हे बी मी तोपर्यंत नीट पाहिलंच नव्हतं. गवताचं बी म्हणजे दाणा नव्हे. हलकं, केसाळ, शेपटी असलेलं, एकमेकांत अडकणारं. मुठीत घेतलं की चिमणीचं घरटं धरल्यासारखं वाटतं. ते डब्यात जाऊन बसलं आणि भोकावर त्याची टोपी झाली. जीप पन्नास पावलं गेली, मशीन गरगरत होतं, खाली एक काडी पडली नव्हती. काका मागून ओरडले, "दादूस, ढोस त्याला!" दादूसने उतरून काठी घातली आणि जोरात ढोसलं. सगळा गोळा एकदम चकतीवर पडला, भुस्कन हवेत उडाला, आणि पश्चिमेकडून वारा होता, त्याने तो ढग उचलून बाजूच्या कारखान्याच्या भिंतीपलीकडे नेऊन सोडला. पुढच्या वर्षी त्या कारखान्याच्या आवारात काय सुंदर गवत आलं म्हणता! त्यांनी माळी लावून उपटलं.

"वारा हाय आज," काका म्हणाले. "उरलेलं घाला. आता पडंल."

दादूसने पोत्याला हात घातला. तेव्हा काकी जीपच्या समोर जाऊन उभी राहिली. बॉनेटला तिची साडी लागत होती.

"उतरा."

"कोन?"

"सगलं. पोत्यालापन हात लावू नका."

काका म्हणाले, "बाजूला हो गं, लोक बगतात."

"बगू दे. दोन हिवालं मी हे वेचलंय. अर्धं पोतं तुमी त्या कंपनीला दिलंत. साडेतीन ऱ्हायलीत. पानी आठ दिसांत लागल. आता मी जाताव दुकानात. गारी चालवाला एक मानूस पायजे, बाकीचं नाय आलं तरी चालंल."

"तुला मशीनमधलं काय कलतं?"

"बियातलं कलतं. तुमाला कशातलं कलतं ते समद्या माळानं बगितलं."

दादूसने तोंड फिरवलं. हसत होता की लाजत होता, मला दिसलं नाही. लाल मशीन सोडून जीपमध्ये टाकलं. काकी पुढे बसली. काका मागे, माझ्यासमोर, गुडघ्यांमध्ये मशीन धरून.

उल्हासनगरला रविवारी बाजार चालू असतो. शेठनी मशीन बघितलं. चकतीवरून एक बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"नमक," ते म्हणाले.

काका आकाशाकडे बघू लागले.

मी ठरवून आले होते. कलम सात: सदोष माल बदलून मिळण्याचा हक्क. तोंड उघडलं, तेवढ्यात काकी मागे न बघता म्हणाली, "गप बस गं. मीठ आपन घातलं."

मग ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि कापडी पिशवी उघडली. आत दोन पुरचुंड्या. एकीत बी. दुसरीत वारुळाची चाळलेली माती आणि सुक्या शेणाचा चुरा. दुकानातल्या माठातलं पाणी ओंजळीने घेऊन तिने शिंपडलं आणि दोन्ही तळव्यांमध्ये बी आणि माती एकत्र चोळायला लागली, वाती वळतात तशी. उजवा हात फार हलत नव्हता, म्हणून डाव्याने जास्त. केस खाली बसले. एकेक बी सुटं झालं, मातीत घोळलं, जरा जड झालं.

शेठ उकिडवे बसून बघत होते. "माई, ये क्या?"

"याला वजन देते. नायतर वारा घेवन जातो. वारा नाय तर आमचं दादूस."

पिशवी पाच दिवसांपूर्वीचीच होती. पुरचुंड्याही त्याच. मंगळवारी ती हेच घेऊन ओट्यावरून उतरली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आम्ही विचारलंच नव्हतं पिशवीत काय आहे. आम्हाला वाटलं, बाई बाजारात चालली, भाजी आणेल.

पिशवीच्या तळाशी असलेली स्वतःची एक जुनी साडी तिने रस्त्यावर अंथरायला लावली. प्लॅस्टिकच्या मशीनमध्ये मूठभर बी घातलं. अडकलं. "हे नको." राखाडी शेठनी मंगळवारीच धुऊन ठेवलं होतं, त्यात घातलं. आतली वाकडी सळई संथपणे फिरली, बियाला टोपी धरू दिली नाही, आणि बी एका लयीत खाली उतरत राहिलं. चकती फिरली. काकी साडीच्या कडेला बसली आणि मान तिरकी करून बघत राहिली, कुठे विरळ, कुठे दाट. मग शेठना म्हणाली, "झडप जरा मिटवा." पुन्हा. "अजून थोरी." पुन्हा. तीनदा झालं. चौथ्यांदा तिने नुसती मान हलवली.

"आता उघरून दाखवा."

शेठनी चार बोल्ट काढून डबा सोडवला. काकीने कोपरापर्यंत हात आत घातला, गिअरच्या झाकणाभोवती बोटं फिरवली, तळाशी फिरवली.

"हात जातो. मंग धुता येल. बोल्ट हरवला त कुटं भेटल?"

"कहीं भी. अंबरनाथमध्ये कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे. सायकलवाल्याकडेसुद्धा."

"किती वरसं चालंल?"

शेठनी चष्मा काढला. "माई, प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवलंत तर बहुत साल. नाही धुतलं तर..." त्यांनी हनुवटीने काका दाखवले, "...इनसे पूछो."

काकीने पहिल्यांदा त्या दिवशी तोंडावर पदर धरून हसू दाबलं. काका रागावले नाहीत. म्हणाले, "घ्या, तेच घ्या," आणि हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू निकाल त्यांच्याकडूनच यायचा राहिला होता.

लाल मशीन शेठनी परत घ्यायचं कबूल केलं, एका अटीवर: आमच्या फिटरने ते इथेच उघडून गंज काढून द्यायचा. दादूस दुकानासमोर फूटपाथवर बसला आणि दोन तास पॉलिश पेपरने चकती घासली. कापडवाले पुन्हा बाहेर आले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. एकाने चहा मात्र दिला.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. शेठनी बिलबुक ओढलं, पेनाचं टोपण काढलं. "गॅरंटी कार्ड पण देतो. नाव कुणाचं, माई?"

त्यांनी विचारलं तिला. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून तिने पदर सारखा केला आणि मानेने काकांकडे खूण केली. काकांनी लगेच पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं, मधलं नाव, आडनाव, मुक्काम मोरिवली, धंदा शेती. शेठनी एकदा काकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, क्षणभर पेन थांबवलं. मी, अकरा कलमांची कर्ती, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. बिल झालं.

दुसऱ्या दिवशी दादूसने रजा टाकली आणि साडेतीन पोती पेरली गेली. काकी जीपच्या मागच्या बाकावर, डावा हात झडपेवर. "हलू. अजून हलू. बैलाच्या चालीनं." दादूसने आयुष्यात एवढा वेळ पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवली नव्हती. इंजिन तापलं, थांबवलं, पाणी घातलं, पुन्हा निघाले. काका आणि मी खाली बसून बी मातीत चोळत होतो. माझं चोळलेलं काकीने दोनदा परत पाठवलं. संध्याकाळी माळ संपला तेव्हा तिने आधी चार बोल्ट काढायला लावले, मशीन विहिरीवर नेऊन धुतलं, खोबरेल लावलं आणि मग जेवायला बसली.

पहिल्या वर्षी गवत विरळ आलं, मुरूम खूप होता. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं. आज इतकी वर्षं झाली, मशीन अजून चालतं. एक बोल्ट खरोखर सायकलवाल्याकडून आणला.

गवत बघून लोक यायला लागले. बदलापूरकडच्या गावांतून, पार खाली नदीकाठच्या वाडीवरून. विचारायचे, कुठलं मशीन, कुठून घेतलं, कसं निवडलं. काका त्यांना ओट्यावर बसवायचे आणि सांगायचे: गवताच्या बियाला आधी वजन द्यावं लागतं, आत फिरणारी सळई हवी, हात आत गेला पाहिजे. सगळं बरोबर सांगायचे, एक शब्द चुकत नव्हता. मग गॅरंटी कार्ड आणून दाखवायचे. काकी आत चहा करत असायची. एकदा एका पाहुण्याने जाताना म्हटलं, "तुमचा यंत्रांचा अभ्यास दांडगा दिसतो." काका म्हणाले, "अनुभव."

मी आत गेले. काकीला विचारलं, "तुला राग नाही येत?"

"येतो की. दर कपाला येतो." तिने चहा गाळला. "मी बोलले त काय होल? घरात माझं ऐकून ऐकून त्यांचे कान पिकलेत. तू कागद छापतेस ना? मंग छाप. छापलेलं त्यांना चष्मा लावून वाचावं लागल. फक्त माझं नाव नको टाकू, लाज वाटते."

म्हणून नाव नाही. त्यावर आमचं भांडण झालं आणि ती जिंकली.

पण तुमच्या घरात हे भांडण अजून व्हायचं आहे. तुमच्याकडे पंप असेल, शिलाई मशीन असेल, पिठाची चक्की असेल, मिक्सर असेल. ट्रंक उघडा, कपाटाचा वरचा कप्पा बघा, त्याचं बिल आणि कार्ड शोधून काढा आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचा. ते यंत्र रोज ज्या हातांनी चालतं, धुतलं जातं, ज्या माणसाला त्याचा प्रत्येक आवाज कळतो, त्याचं ते नाव आहे का? नसेल तर सोमवारी दुकानात जा आणि कार्ड नवीन करून घ्या. तिला लाज वाटत असेल तर वाटू द्या. तुम्ही उच्चारा तिचं नाव, मधलं नाव, आडनाव, मुक्काम, धंदा. आणि धंद्याच्या रकान्यात "घरकाम" लिहू नका. तिला विचारा काय लिहायचं ते.